रेग्युलेटरवरचा तो नॉब आला कुठून?

तारकर्लीला नाहीतर गोव्यात ट्राय डाइव्ह (पहिलीवहिली स्कूबा डुबकी) केलेल्यांना हे आठवणारही नाही, कारण तिथे इन्स्ट्रक्टर सगळं सेट करून थेट तोंडात देतो, पण स्वतःचं रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारं यंत्र) घ्यायला गेलात की जरा महागातल्या सेकंड स्टेजवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बाजूला एक फिरणारा नॉब आणि एक छोटा लिव्हर दिसतो, लिव्हरवर प्लस-मायनस किंवा डाइव्ह-प्रीडाइव्ह लिहिलेलं. नॉब उघडला की जास्त हवा येते असं बरेच जण समजतात. तसं नाहीये, आणि का नाही ते कळायला थेट 1943 मध्ये जावं लागतं.

फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायचे. एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यां या इंजिनिअरने त्यासाठी एक व्हॉल्व्ह केलेला, इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडणारा. इंजिनाच्या जागी माणसाची छाती ठेवली की झालं, असं वाटून फ्रेंच नौदलातला अधिकारी जाक कूस्तो तो घेऊन जानेवारीच्या थंडीत पॅरिसजवळ मार्न नदीत उतरला. आडवं पोहताना मस्त चाललं, पण उभा राहिला की हवा नुसती वाहून जायची आणि डोकं खाली केलं की ओढताना जीव जायचा! कारण साधं निघालं. श्वास सोडायची जागा हवा आत घेणाऱ्या जागेपासून साधारण 15 सेंटीमीटर लांब होती, आणि पाण्यात तेवढ्या उंचीनेसुद्धा दाब बदलतो. दोन्ही जवळजवळ आणून ठेवल्या आणि ॲक्वालंग (त्यांचा डायव्हिंग सेट) जमला.

आता हे 15 सेंटीमीटर लक्षात ठेवा, कारण आजच्या चांगल्या सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह जेमतेम 2.5 ते 4 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाएवढ्या ओढीला उघडतो. म्हणजे इतका हलका सेट केलेला की जरा काही झालं की वाहायला लागणार.

1952 मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने पॉर्पॉइज नावाचा सेट विकायला काढला, एकच होज (नळी), सेकंड स्टेज थेट तोंडाशी. आजचे सगळे त्याच वळणाचे. इथे फर्स्ट स्टेजकडून (सिलेंडरवर बसणारा, दाब उतरवणारा भाग) आजूबाजूच्या पाण्यापेक्षा 9-10 बार जास्त दाबाने हवा येते आणि व्हॉल्व्हला ढकलून उघडू बघते, एक स्प्रिंग त्याला दाबून धरते. नॉब फक्त ही स्प्रिंग आवळतो किंवा सैल करतो. श्वास सुरू करायला किती ओढ लागेल एवढंच बदलतं, बाकी सिलेंडरमध्ये आहे तेवढीच हवा आहे. पाण्याचा करंट समोरून तोंडावर येत असेल तर डायफ्राम (आत दबला की व्हॉल्व्ह उघडणारा रबरी पडदा) उगाच दाबला जातो, तेव्हा थोडा आवळायचा. पुढे बॅलन्स्ड मॉडेल आले, त्यांच्यात पॉपेटच्या (व्हॉल्व्हचा सरकणारा भाग) मागेही हवेचा दाब दिलेला असतो, म्हणून हलकी स्प्रिंग पुरते.

लिव्हरचं प्रकरण वेगळं. आत येणारी हवा माउथपीसकडे झोतासारखी सोडली की मागे दाब कमी होतो आणि डायफ्राम आपोआप आत ओढलेला राहतो, हा व्हेंचुरी. सुरुवात तुम्ही करायची, पुढचा श्वास रेग्युलेटर जवळपास स्वतःच देतो. तोंडात आहे तोवर ठीक, छाती भरली की थांबतं, तोंडातून निसटला की थांबवणार कोण? लिव्हर मायनसला नेला की मध्ये एक पाकळी येऊन तो झोत मोडते.

मी एकदा भाड्याच्या सेटवर लिव्हर प्लसला ठेवूनच बोटीवरून उडी मारली, माउथपीस निसटला, तोंड वर करून पडला आणि सोडा फुटल्यासारखा फसफसायला लागला, मी बघतोय नुसता, शेवटी बडीने (सोबतच्या डायव्हरने) हात घालून माउथपीस खाली वळवला तेव्हा थांबला. तोंड वर असलं की डायफ्राम त्याच्यापेक्षा खाली, म्हणजे जास्त दाबात असतो. मार्नमधलीच भानगड, फक्त 80 वर्षांनी.

आणि हो, सेट धुवून ठेवताना नॉब सैल सोडून ठेवा, नाहीतर आवळलेली स्प्रिंग मऊ सीट (व्हॉल्व्ह बंद करणारी चकती) महिनोन्‌महिने हवेच्या भोकाच्या कडेवर दाबत राहते, सीटवर खाच पडते आणि पुढच्या ट्रिपला बारीक सूं सूं ऐकू येते.