टंगस्टन फ्रेनेल की एचएमआय फ्रेनेल? लाइट मागून बघा

शोच्या तोंडावर कुठल्यातरी स्टुडिओतून एक जडशीळ लाइट येतो. पुढे गोल गोल कड्यांची काच, चार बार्नडोअर (उजेड अडवणाऱ्या पत्र्याच्या झडपा), फोकस करायची मूठ. कोणीतरी त्याचा फोटो पाठवतं, हमखास समोरून काढलेला, आणि उत्तरही ठरलेलं येतं: ‘फ्रेनेल आहे, लाव डिमरला’, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला. यातला पहिला अर्धा भाग बरोबर असतो. दुसऱ्या अर्ध्यामुळे एखाद्याचा बॅलास्ट, म्हणजे दिव्याचा करंट आवरणारा डबा, जाऊ शकतो.

ऑग्युस्तीन फ्रेनेलने 1820च्या दशकात ही काच दीपगृहांसाठी बनवली. तिच्या मागे काय जळतंय हे काच सांगत नाही. तार असू शकते, वायूतला आर्क असू शकतो, आता एलईडीही असतो. त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोवरून छातीठोक निदान करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

टंगस्टन, म्हणजे तारेचा दिवा, तुम्हाला पाठ आहे. 650, 1000, 2000 वॅट, रंग 3200 केल्विन, साधा प्लग, फेडर (डिमरची सरकती कळ) खाली आणला की तांबूस होत विझतो. पुढे काच गुळगुळीत किंवा खरबरीत असेल तर पीसी, काचच नसेल तर ओपन फेस: 800 वॅटचा रेडहेड, 2000चा ब्लाँड. पीसी आणि फ्रेनेलवर लोक तासन्‌तास वाद घालतात. फरक मुख्यतः प्रकाशाची कडा किती कडक दिसते एवढाच, आणि टंगस्टनचे असतील तर दोन्ही डिमरवर बिनघोर चालतात.

एचएमआय, म्हणजे आर्कवर जळणारा दिवा, त्याचं तसं नाही. त्यात फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, नसते. दोन इलेक्ट्रोडच्या टोकांमध्ये आर्क पेटतो. करंट वाढला की आर्कचा रोध कमी होतो, म्हणून करंट आणखी वाढतो. मध्ये लगाम नसेल तर दिवा स्वतःलाच संपवेल. तो लगाम म्हणजे बॅलास्ट. पेटवण्यासाठी इग्नायटर काही हजार व्होल्टचा झटका देतो, आणि पूर्ण तेज यायला मिनिटभर किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता डिमर. नेहमीचा थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेला डिमर वीज कमी करताना लाटेचा तुकडा कापतो. फिलामेंटला त्याचं काही वाटत नाही, ती तापलेलीच राहते. बॅलास्टला मात्र अखंड लाट लागते. इथे हटकून एक हुशार उत्तर मिळतं: ‘डिमर शंभर टक्क्यांवर ठेवू, मग काय फरक पडतो?’ पडतो. शंभर टक्क्यांवरही मध्ये थायरिस्टर आणि चोक (तारेची गुंडाळी) असतातच. त्यातून इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट करंट सलग न ओढता छोट्या धक्क्यांनी ओढतो, त्यामुळे थायरिस्टर नीट धरून राहील याचा भरवसा नसतो. शिवाय तालमीत कोणाचा तरी हात त्या फेडरवर जातोच. एचएमआयला थेट लाइन द्या, किंवा खरा रिले असलेला नॉन-डिम, म्हणजे फक्त चालू-बंद करणारा चॅनेल, द्या. डिमर चॅनेलवर ‘नॉन-डिम’ अशी चिठ्ठी डकवली म्हणून तो रिले होत नाही.

ब्लॅकआउटही दिवा बंद करून घ्यायचा नाही. गरम दिवा लगेच पुन्हा पेटेल याची खात्री नसते. बहुतेकदा थंड होईपर्यंत थांबावं लागतं. काही इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट प्रकाश निम्म्यापर्यंत उतरवतात, पण शून्यापर्यंत फेड मिळत नाही. शोभर दिवा जळता ठेवायचा आणि पुढे शटर लावायचं, डीएमएक्सवर (कन्सोलकडून लाइटला जाणारा सिग्नल) चालणारं असेल तर उत्तम.

म्हणून ओळख मागूनच पटवा. टंगस्टनमधून साधी तीन तारांची केबल निघते. एचएमआयमधून बहुधा जाड केबल निघते, तिच्या टोकाला अनेक पिनांचा गोल कनेक्टर असतो आणि तो एका जड डब्यात जातो. असा कनेक्टर आहे पण डबा आलेला नाही, तर लाइट अर्धाच आला आहे. हेडवर, म्हणजे लाइटवरच, चालू-बंदची दोन बटणं असतील, काचेच्या दाराला मायक्रोस्विच असेल, तर तो एचएमआय. ती काच अल्ट्राव्हायोलेट अडवते, म्हणून दार उघडलं की दिवा विझतो. तो स्विच बायपास करणाऱ्याला मी टांगलेल्या लाइटांजवळ फिरकू देणार नाही.

वॅटवरून ओळखता येतं, पण नेमकं नको तिथे फसायला होतं. 2500, 4000, 6000 दिसलं तर बहुधा एचएमआय, 650 किंवा 5000 म्हणजे टंगस्टन. घोटाळा 575 आणि 1200 या आकड्यांचा. दोन्ही आकडे एचएमआयचे ठरलेले, पण प्रोफाइलमध्ये (कडक कडेचा स्पॉटलाइट) 575 वॅटचा हॅलोजन दिवा असतो आणि 1200 वॅटचा हॅलोजन थिएटर फ्रेनेलमध्ये सर्रास सापडतो. बेसवरही (दिव्याचा पिनांचा पाया) विसंबू नका. 575चा एकटोकी एचएमआय जी-22 बेसवर बसतो, आणि त्याच बेसवर 1000 वॅटचा टंगस्टनही मिळतो.

एलईडी फ्रेनेल मागच्या पंख्यावरून आणि डीएमएक्सच्या कनेक्टरवरून कळतो. त्यालाही थेट लाइन.

राहिला रंग. एचएमआय सुमारे 5600 केल्विनचा, म्हणून टंगस्टनशेजारी तो निळा दिसतो. तो नारिंगी करायला ली 204 ही जेल (रंगीत पारदर्शक फिल्म) लावली तर जेमतेम 55 टक्के प्रकाश उरतो. उलट टंगस्टन निळा करायला 201 लावली तर 34 टक्केच. एचएमआयवर नारिंगी जेल चढवून त्याला चेहऱ्यांच्या फ्रंट लाइटला लावणं मला मुळीच पटत नाही. हाताशी आलाच आहे तर जेलशिवाय एका बाजूने सोडा, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड किंवा चांदणं म्हणून.

टांगण्याआधी योक (लाइट धरणारा कंस) बघा. स्टुडिओतल्या लाइटला 16 किंवा 28 मिलिमीटरचा स्पिगॉट (दांडा) असतो, हुक क्लॅम्पचा बोल्ट त्यात बसत नाही. योग्य अॅडॉप्टर मागवा, सेफ्टी वायर घाला, आणि बॅलास्ट पाईपवर न टांगता खाली जमिनीवर ठेवा, माइकपासून लांब, कारण मॅग्नेटिक असेल तर तो गुणगुणतो.