परिणाम-मापन : ‘प्रथम’ची वाचन-चाचणी

शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने आपल्या कामाचा परिणाम तपासून त्यानुसार काम सुधारत नेण्याची पद्धत. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या (१९९५) कामात ती विकसित झाली. तिचे साधन असलेल्या वाचन-चाचणीचे आजचे रूप २००५ पूर्वीच्या काही वर्षांत वर्गातील वापरातून घडले असावे. त्या वर्षीपासून ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात ती वापरली जाते.

मुलाला एकट्याला, तोंडी तपासतात. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून होते. तीनपर्यंत चुका चालतात. मात्र सुटे सुटे शब्द न उच्चारता वाक्य सलग वाचावे लागते. जमले तर दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात, नाही तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की ‘शब्द’ पातळी. न आल्यास त्याच नियमाने अक्षरे. अक्षरेही न आल्यास ‘प्रारंभिक’. गणितात आरंभ हातच्याच्या वजाबाकीपासून. मूल एकाच पातळीवर नोंदले जाते, म्हणून शिकवण्यासाठी गटही लगेच पाडता येतात.

बिघाड बहुधा तपासणाऱ्याकडून होतो. मूल अडखळताच पहिले अक्षर सुचवले जाते. किंवा भोवती जमलेली भावंडे उत्तर सांगतात. वर्गात तोच कागद पुन्हापुन्हा फिरला की परिच्छेद पाठ होतो, म्हणून नमुने बदलावे लागतात. शिकवणाऱ्यानेच अंतिम (कार्यक्रमानंतरची) चाचणी घेतली तर आकडे फुगण्याचा धोका असतो. काही मुलांची दुसऱ्याने फेरतपासणी करणे हा त्यावरचा साधा उपाय.

‘असर’मध्ये जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येक गावातील २० घरे घेतात. गावाचे चार भाग करून प्रत्येक भागात दर पाचवे घर. शाळेऐवजी घरी जाण्याचे कारण उघड आहे : गैरहजर व शाळाबाह्य मुले तिथेच भेटतात. सरकारी संपादणूक सर्वेक्षण मुख्यतः लेखी व शाळेत होते, त्यामुळे दोन्हींचे आकडे थेट ताडून पाहणे योग्य नाही. प्रश्नच वाचता न येणाऱ्या मुलाबद्दल लेखी चाचणी फारसे सांगू शकत नाही. पायाभूत वाचनासाठी तोंडी पद्धत अधिक ग्राह्य वाटते.

कार्यक्रमाआधीच्या आणि अंतिम चाचणीतील फरक म्हणजे कार्यक्रमाचा परिणाम नव्हे. वर्षभरात मूल एरवीही थोडे शिकतेच. त्यासाठी तुलनागट, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्या तशाच मुलांचा गट, लागतो. मुंबई व बडोदे येथील बालसखी प्रयोगात (२००१–०३) मागे पडलेल्या १५–२० मुलांना स्थानिक तरुणी (बालसखी) रोज दोन तास शिकवत. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या, त्या इयत्तेत बालसखी नसलेल्या शाळांच्या तुलनेत दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुणांच्या विखुरणीच्या मापाने) वाढले. वर्षभरानंतर त्यातील बराच भाग ओसरला.

नंतरच्या प्रयोगात जौनपूरमध्ये (उत्तर प्रदेश) गावाला चाचणीचे निकाल सांगितल्याने शाळा सुधारली नाही. वाचनवर्गांना आलेली मुले वाचू लागली, पण आली फार थोडी. पुढे बिहार व उत्तराखंडात नुसते साहित्य देऊन काही साधले नाही. प्रशिक्षित शिक्षकही सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याकडे वळले. हरियाणात यासाठी रोजचा वेगळा तास व पर्यवेक्षण आले, तेव्हा हिंदी सुधारली, गणित नाही. २०१३–१४ मध्ये उत्तर प्रदेशात इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले. शाळेच्या वेळेत ४० व सुट्टीत १० दिवसांची शिबिरे झाली. वाढ सुमारे ०.६ ते ०.७ प्रमाण विचलन होती. शिकवण्याचे तत्त्व बहुतांशी तेच राहिले. बदलले ते वेळापत्रक, शिकवणारे हात आणि देखरेख.