तऱ्हेवाईक मास्तरांच्या शाळाकथा (कोकण)

एखाद्या विक्षिप्त पण मायाळू शिक्षकाभोवती रचलेल्या आणि मुख्यतः आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या विनोदी कथांचा हा प्रकार आहे. कोकणात त्याला छापील गोष्टींइतकाच तोंडी गोष्टींचाही आधार आहे. मालवणी मुलखात ओसरीवर गजाली (गप्पा) रंगल्या की गावच्या जुन्या मास्तरांचे किस्से हमखास निघतात, आणि बोलण्यातली ती लय लिहिताना हरवली तर कथेतला निम्मा विनोद जातो.

या मास्तरांचा पूर्वज म्हणजे पंतोजी. धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणारा आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ घोकून घेणारा हा शिक्षक छडीसाठीही प्रसिद्ध होता, म्हणून त्याच्यावरच्या गोष्टींत मुले त्याची फजिती करून सूड उगवतात. पुढच्या बालकथेत हे नाते उलटले. मुले मास्तरांच्या बाजूने उभी राहिली आणि फजिती तपासणीला आलेल्या दिपोटींच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांच्या वाट्याला गेली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आजच्या कथेत छडीवर हशा मिळवणे लेखकाला शोभत नाही, आणि चांगल्या कथेला तिची गरजही पडत नाही.

मास्तर नुसते वेडगळ असून भागत नाही, त्यांच्या वेडाला स्वतःचे तर्कशास्त्र असावे लागते. कोकणातील शाळा त्यासाठी भरपूर सामग्री पुरवते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शाळा नेमकी जूनच्या मध्याला उघडते. त्यात वाडीवरची शाळा कौलारू आणि चार इयत्तांना मिळून एकच शिक्षक. अशा वर्गात कौले गळू लागल्यावर सुट्टी देण्याऐवजी गळतीखालच्या प्रत्येक भांड्याला एकेका नदीचे नाव देणारे मास्तर कल्पून पाहावेत. पहिलीची मुले भांडी मोजतात, दुसरीची थेंब मोजतात, तिसरीची कोणती नदी आधी भरेल याचा अंदाज बांधतात आणि चौथीची तिला आलेला पूर ओंजळीने ओसरवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो, पण चारही इयत्तांचा अभ्यास चालू असतो, आणि हे मुलांना ठाऊक असून दारात छत्री मिटत उभ्या असलेल्या साहेबांना ठाऊक नसते, यातच कथेचा विनोद आहे.

दुसरा झरा भाषेचा. घाटावरून बदली होऊन आलेले गुरुजी प्रमाण मराठीत जुलै महिन्यात बांगडा मासळीच्या वाट्याचे गणित घालतात, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मास्तरानू, होडये वर काढलेत, बांगडे खयसून येतले?” जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे मुलाचे म्हणणे रास्त आहे. अशा वेळी गुरुजींनी पुस्तकातले उत्तर पुढे न रेटता गणितच बदलून सुक्या बांगड्यांचे केले, तर ते वाचकाचे लाडके होतात. मुलाच्या बोलीला हसणारी कथा मात्र मुळातच चुकते. हसू यायला हवे ते दोन शहाणपणांच्या टकरीतून.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील चितळे मास्तर मराठी वाचकांना सर्वांत परिचित आहेत, पण ते मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याच्या आठवणीतून दिसतात आणि त्या लेखनातील हुरहूर प्रौढांची आहे. बालकथेतील निवेदक अजून बाकावरच बसलेला असावा लागतो. मास्तर आपल्याला काय शिकवत आहेत हे त्याला पुरते कळलेले नसते, फक्त आज शाळा चुकवायची नाही एवढे त्याने ठरवलेले असते.

मास्तर गावातच एखाद्या घराच्या पडवीत बिऱ्हाड करून राहत असल्याने मुलांना ते शाळेबाहेरही भेटतात. वर्गात औटकी बिनचूक म्हणणारे गुरुजी मासळीबाजारात कोळणीशी घासाघीस करताना गडबडतात, आणि तिचाच मुलगा हळूच त्यांच्या पिशवीत एक बांगडा जास्त टाकतो. अशा प्रसंगात निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत ठेवण्याची पद्धत सोयीची ठरते, कारण किनाऱ्यापासून दूरच्या वाचकालाही संदर्भावरून अर्थ लागतो आणि अवघड शब्दांची यादी मागे जोडावी लागत नाही.