किनारी जलवाटांचे हौशी खोलीमापन

नदीमुखे, खाड्यांची तोंडे आणि वाळूचे दांडे यांच्यामधून जाणाऱ्या, वरचेवर जागा बदलणाऱ्या अरुंद वाटांची खोली खासगी नौका बाळगणाऱ्या हौशी लोकांनी स्वतः मोजायची आणि तिचे रेखाटन इतर नौकावाल्यांना उपलब्ध करून द्यायचे, अशी ही पद्धत आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः टेम्सच्या मुखप्रदेशात आणि सफोकमधील डेबेन व ओर या नद्यांच्या तोंडाशी, तिची गरज ठळकपणे जाणवते. नेदरलँड्स, जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून असलेल्या वाडन समुद्रातही तळ असाच अस्थिर आहे. तिथे जर्मन किनाऱ्यावर उथळ वाटांच्या कडेला बर्चची रोपटी रोवून खूण करतात आणि वाट सरकली की रोपटीही हलवतात.

वाट सरकते ती भरती-ओहोटीच्या प्रवाहामुळे आणि वादळी लाटांमुळे. डेबेनच्या तोंडाशी असलेला दांडा गोट्यांचा आहे. एका हिवाळ्यात त्याचा आकार इतका बदलू शकतो की मागच्या हंगामातली वाट यंदा कोरडी पडलेली आढळते. अधिकृत सर्वेक्षणे होतात, पण त्यांचा क्रम मोठ्या जहाजांच्या सोयीने लागतो. टेम्सच्या मुखात ब्लॅक डीपसारख्या व्यापारी मार्गांवर सतत लक्ष असते. लाँग सँड हा लांबलचक दांडा छेदून जाणारी फाउल्जर्स गॅटसारखी वाट मात्र छोट्या नौकांच्याच उपयोगाची, त्यामुळे तिचा नंबर उशिरा लागतो. एसेक्स-सफोकहून केंटकडे जाणाऱ्याला असे दांडे कुठेतरी ओलांडावेच लागतात, नाहीतर मोठा वळसा पडतो. यात सरकारी खात्यांना दोष देण्यासारखे फारसे काही नाही. मोजणी महाग असते आणि दांडा कोणाच्या वेळापत्रकाला बांधलेला नसतो.

पूर्वी हे काम शिशाचा गोळा बांधलेल्या, वावांच्या खुणा केलेल्या दोरीने होई. गोळ्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपले तिला चिकटून वर येत. खोली मोजणे तसे सोपे होते. आपण नेमके कुठे आहोत हे ठरवणे अवघड होते, कारण त्यासाठी सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने किनाऱ्यावरील खुणांमधले कोन घ्यावे लागत. ध्वनी तळावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून खोली दाखवणारा इको साउंडर छोट्या नौकांवर आला तरी ही अडचण राहिलीच. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि सुमारे १०० मीटरपर्यंतची अनिश्चितता काही मीटरांवर आली. हौशी सर्वेक्षण खऱ्या अर्थाने शक्य झाले ते तेव्हापासून.

आज साधन म्हणून साधा इको साउंडर, जीपीएस आणि दोघांच्या नोंदी एकत्र साठवणारा छोटा संगणक पुरतो. एनएमईए ०१८३ या प्रमाण भाषेत दोन्ही उपकरणांच्या ओळी एकाच फाइलमध्ये उतरतात. खरी कसोटी पुढे, पडद्यावरचा आकडा नकाशाच्या आधारपातळीवर आणताना लागते. ब्रिटिश नकाशांवरील खोली खगोलीय गणिताने येणाऱ्या नीचतम ओहोटीपासून मोजलेली असते. समजा, साउंडरने २.३ मीटर दाखवले, त्याचा संवेदक पाण्याखाली ०.४ मीटरवर आहे आणि त्या क्षणी भरतीची उंची २.९ मीटर आहे. मग २.३ अधिक ०.४ वजा २.९ म्हणजे उणे ०.२. याचा अर्थ ती जागा नीचतम ओहोटीला २० सेंटीमीटर उघडी पडते, आणि नकाशावर तो आकडा अधोरेखित करून लिहितात. पाण्याखाली १.५ मीटर बूड असलेल्या नौकेला अर्धा मीटर पाणी हाताशी ठेवून इथून जायचे असेल, तर किमान २.२ मीटर भरती हवी.

या हिशोबातला सर्वांत कच्चा दुवा भरतीची उंची हाच. कोष्टकातला आकडा म्हणजे अंदाज असतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की समुद्रपातळी साधारण १ सेंटीमीटरने उतरते, म्हणजे सरासरी १०१३ ऐवजी १०३५ हेक्टोपास्कल दाब असलेल्या निरभ्र दिवशी पाणी अंदाजापेक्षा २० सेंटीमीटरच्या आसपास कमी असू शकते. उत्तर समुद्रात वाऱ्याने रेटलेले पाणी याहून कितीतरी मोठा फरक पाडते. म्हणून जाणकार मोजणीनंतर जवळच्या भरतीमापकाच्या, उदाहरणार्थ हारविच किंवा शीअरनेस येथील, प्रत्यक्ष नोंदी घेतात. पण मापक बंदरात असतो आणि दांडा समुद्रात कित्येक किलोमीटर आत. दोन्हीकडे भरती एकाच वेळी आणि एकाच उंचीने येत नाही, तेव्हा तेवढी दुरुस्तीही करावी लागते. एखाद्या रेखाटनावर भरतीची उंची कुठून घेतली हे लिहिलेले नसेल, तर त्यातले दशांश शोभेचे समजावेत.

त्या मानाने ध्वनीच्या वेगाची चिंता कमी. बहुतेक साउंडर पाण्यातील वेग सेकंदाला १५०० मीटर धरतात. थंड, मचूळ पाण्यात तो १४५० च्या आसपास असला, तरी ३ मीटर खोलीवर चूक १० सेंटीमीटरच असते. खोल समुद्रातल्या व्यावसायिकांना छळणाऱ्या कित्येक चुका उथळ पाण्यात अशा आपोआप लहान होतात. हौशी माणसाच्या पथ्यावर पडणारी ही गोष्ट आहे. २० अंशांच्या ध्वनिझोताचा तळावरचा ठसाही ३ मीटरवर जेमतेम १ मीटर रुंद पडतो.

मोजणी शांत हवेत आणि चढत्या भरतीला करतात, कारण नौका टेकली तरी थोड्या वेळात तरंगते. उधाणाच्या ऐन माथ्यावर दांड्यावर चढलेली नौका मात्र पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकू शकते. वाटेच्या आडव्या, एकमेकींना समांतर अशा फेऱ्या नांगराच्या तासांसारख्या मारायच्या आणि शेवटी एकदोन फेऱ्या त्यांना छेदून उभ्या घ्यायच्या. छेदाच्या जागी दोन्ही आकडे जुळले तर भरतीचा हिशोब ठीक आहे असे म्हणता येते. एक लबाड चूक इथेच सापडते. साउंडर आकडे गुळगुळीत करण्यासाठी दोनेक सेकंद मागे राहतो. ४ नॉटच्या वेगात तेवढ्यात नौका ४ मीटर पुढे गेलेली असते. जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे असा हा सरकाव पडल्याने समखोली रेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणारी रेषा, करवतीच्या दात्यांसारखी दिसते. असे दाते दिसले की तळाला नव्हे, उपकरणाला तपासावे.

पुढचे काम घरी होते. उडालेले आकडे काढून टाकायचे, उरलेले आधारपातळीवर आणायचे आणि क्यूजीआयएससारख्या नकाशे बनवण्याच्या मुक्त संगणक प्रणालीत समखोली रेषा काढायच्या. तयार रेखाटन ओपनसीपीएनसारख्या नौकानयन प्रणालीत अधिकृत नकाशाच्या जोडीने उघडता येते. त्यावर मोजणीची तारीख ठळक हवी. सरकत्या वाटेच्या बाबतीत ती खोलीइतकीच महत्त्वाची असते, आणि मोठ्या वादळानंतर तर महिन्याभरापूर्वीचे रेखाटनही संशयानेच पाहावे लागते.

मोजणाऱ्याने निष्कर्ष काढून दिलेले असे रेखाटन आणि अनेक नौकांच्या नोंदींतून यंत्राने आपोआप बनवलेले नकाशे यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात माहिती भरपूर असते, पण संवेदकाची खोली चुकीची भरलेल्या नौकाही तिच्यात मिसळलेल्या असतात, आणि जुन्या-नव्या नोंदींची सरासरी निघाली तर सरकलेला दांडा पुसट होतो. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना अशा लोकसहभागी नोंदींना उत्तेजन देते. तिचे जागतिक माहितीकेंद्र अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे आहे. अधिकृत नकाशावर हौशी आकडे सहसा जसेच्या तसे चढत नाहीत. तरी ब्रिटनमध्ये नकाशा आणि तळ यांच्यातली तफावत ठरलेल्या अर्जावर कळवता येते आणि त्यावरून इशारा निघू शकतो. काही देशांत किनारी पाण्यात परवानगीवाचून सर्वेक्षण करणे हा गुन्हा ठरतो, त्यामुळे परक्या किनाऱ्यावर नोंदणीयंत्र सुरू करण्यापूर्वी तिथला कायदा पाहावा लागतो.