कचेरीतून दिवाणखान्यात: चंदीगड खुर्चीची कुळकथा

घरसजावटीचं कुठलंही मासिक चाळा किंवा इन्स्टाग्राम उघडा, एक खुर्ची हमखास भेटतेच. सागवानी चौकट, पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी, दोन्ही बाजूंचे पाय उलट्या व्ही अक्षरासारखे फाकलेले. ‘मिड-सेंच्युरी’ किंवा ‘रेट्रो’ या नावाखाली ती विकली जाते आणि किंमत ऐकून घाम फुटतो. दुकानदार ती काहीतरी खास युरोपीय असल्यासारखं बोलतो. जन्म मात्र तिचा भारतातला, आणि तोही बराचसा सरकारी बाबूंसाठी.

फाळणीत लाहोर गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. म्हणून नवी राजधानी वसवायचं ठरलं, तीच चंदीगड. या नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांच्याकडे होता. १९५०च्या ऑगस्टमध्ये भारतातून परतताना विमान अपघातात नोविकी गेले, मेयरही बाजूला झाले. मग पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी युरोपात वास्तुविशारदांच्या शोधात निघाले आणि ल कार्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू अशा चौघांना घेऊन आले. कार्बुझिए वर्षातून दोनदा येत आणि परत जात. राहिले ते जानरे, १९५१ पासून १९६५ पर्यंत. मोठ्या भावाच्या नावाखाली त्यांचं नाव आयुष्यभर दबलं, आणि आता लिलावाच्या याद्यांत तेच नाव भाव खातंय.

शहर वसवायचं म्हणजे नुसत्या इमारती उभ्या करून भागत नाही. १९५३ मध्ये राजधानीचं उद्‍घाटन झालं. पाठोपाठ उच्च न्यायालय, सचिवालय, विद्यापीठ, ग्रंथालयं, वसतिगृहं आणि मंत्र्यापासून शिपायापर्यंतची सरकारी घरं. या सगळ्यांना टेबलं, खुर्च्या, कपाटं, बाकं लागणार होती, तीही हजारोंनी. बाहेरून मागवायची तर पैसा नव्हता. हे फर्निचर आखायचं काम मुख्यतः जानरेंकडे आलं. १९२८च्या सुमारास कार्बुझिए आणि शार्लोत पेरियां यांच्यासोबत याच जानरेंनी पोलादी नळ्यांची फर्निचरं केली होती. चंदीगडमध्ये तो मार्ग परवडणारा नव्हता. लाकूड आणि लाकूडकामाचे हात मात्र होते. म्हणून साग, काही ठिकाणी शिसम, आणि वेत. सागाच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, उत्तरेकडच्या उन्हाळ्यात तेही महत्त्वाचं. शिवाय जाळी फाटली तर विणणारा गावातच मिळे.

त्या तिरक्या पायांमागे हिशेब आहे. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय आणि हात ठेवायची पट्टी मिळून एक चौकट होते. अशा दोन चौकटी, मध्ये जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, झाली खुर्ची. कुठेही नक्षी नाही, वळवलेलं लाकूड नाही. साध्या हत्यारांवर काम करणाऱ्या सुताराला नकाशा पाहून जमेल असं काम. नकाशे वेगवेगळ्या कारखान्यांकडे जात आणि जो तो आपल्या पद्धतीनं ते बनवी. पट्टीची जाडी, पायाचा कोन, वेताची वीण यांत थोडाथोडा फरक पडे. त्यामुळे ‘अस्सल’ कशाला म्हणायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. सुतारांची नावं कुणी नोंदवली नाहीत. फर्निचरच्या आराखड्यांत जानरेंच्या सहकारी यूली चौधरी यांचा वाटा मोठा. त्या पुढं चंदीगडच्या आणि मग पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या, पण लिलावाच्या यादीत बहुधा जानरे हेच एकटं नाव असतं. हे मला तरी खटकतं.

जानरेंचा जीव मात्र या शहरात खरोखर गुंतला. स्वतःच्या सेक्टर ५ मधल्या ५७ क्रमांकाच्या घरासाठी ते बांबू आणि दोरखंडाच्या खुर्च्या करून पाहत. सुखना तलावासाठी त्यांनी पायडलच्या होड्याही आखल्या. १९६७ मध्ये ते जिनिव्हात वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार अस्थी सुखनातच विसर्जित झाल्या. ते घर आता संग्रहालय आहे.

पुढची कथा कोणत्याही सरकारी कचेरीत घडते तशीच. चाळीसेक वर्षं वापरून वेत फाटला, पाय डुगडुगू लागले, स्टील आणि रेक्झिनच्या खुर्च्या आल्या. जुना माल गच्चीवर, जिन्याखाली, आवारात उघड्यावर रचला गेला आणि ‘निरुपयोगी सामान’ म्हणून लिलावात निघाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून एरिक तूशालोमसारखे फ्रेंच व्यापारी तो ढिगानं उचलू लागले. दुरुस्ती आणि पॉलिश झाल्यावर त्याच खुर्च्या पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या दालनांत लाखो रुपयांना गेल्या. अमेरिकी टीव्ही तारका कोर्टनी कर्दाशियनच्या जेवणाच्या टेबलाभोवतीही त्या दिसल्या. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची बिडाची झाकणंसुद्धा परदेशी लिलावांत पोचली.

गंमत म्हणजे किंमत वाढवतात ते मागच्या पट्टीवर रंगानं उमटवलेले खात्याचे शिक्के आणि नंबर. ज्या आकड्यांनी ही सरकारी मालमत्ता ठरली, तेच आज अस्सलपणाचा दाखला. साहजिकच खोटे शिक्के रंगवणारेही निघाले.

‘परदेशी लोकांनी लुटलं’ असं म्हणणं सोपं आहे. बराचसा माल रीतसर लिलावात आपल्याच खात्यांनी विकला होता, तेव्हा दोष एकट्या घेणाऱ्याचा कसा? उशिरा का होईना, केंद्रीय गृहमंत्रालयानं २०११ मध्ये चंदीगडच्या वारसा-वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि १२ हजारांहून अधिक वस्तूंची यादी तयार झाली. पण १९७२चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंनाच पुरावस्तू मानतो. त्या हिशेबानं १९५५च्या खुर्चीला २०५५ पर्यंत थांबावं लागेल. तोवर परदेशी लिलाव थांबवायचा कायदेशीर मार्ग कठीणच. २०१६ मध्ये कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला, म्हणजे उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवनाच्या संकुलाला, युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही इमारतींना. फर्निचरला त्यानं आपोआप संरक्षण मिळत नाही.

दरम्यान नकलांचा बाजार तेजीत आला. भारतात डिझाइनच्या नोंदणीचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षांचं, त्यामुळे त्या बाजूनं कुणाला अडवता येत नाही. बंगळुरूच्या फँटम हँड्स या फर्निचर कंपनीनं कारागिरांकडून जुन्या पद्धतीनं या खुर्च्या करून घ्यायला सुरुवात केली. २०१९ मध्ये इटलीच्या कासिना या कंपनीनंही आपली आवृत्ती बाजारात आणली. आपल्याकडे मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मोबाइलवरचं चित्र दाखवलं की करून देणारे मिळतात. जोधपूरहून येणारा मालही भरपूर.

घ्यायचीच असेल तर पॉलिशला भुलू नका, खुर्ची उलटी करून बघा. चौकटीला ओळीनं भोकं पाडून त्यांतून वेत ओवलेला असेल तर जाळी हातानं विणलेली आहे; एखादी काडी तुटली तर विणणारा तेवढीच बदलून देतो. चौकटीला सलग खाच असेल आणि तीत पट्टी ठोकून जाळी दाबलेली असेल, तर ती यंत्रावर विणलेली, पत्र्यासारखी कापून बसवलेली. फाटली की पूर्ण बदलावी लागते. वेताचं काम जाणणारे आता शोधावे लागतात, तेव्हा घेण्याआधी आपल्या गावात असा कुणी आहे का, याचीही चौकशी करून ठेवलेली बरी.