डिस्क लावली, पण सर्व्हरवर दिसत नाही
घरच्या सर्व्हरला बाहेरची हार्डडिस्क जोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, रत्नागिरी

सगळ्यात आधी एक विनंती. ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं स्क्रीनवर आलं, तर हो म्हणू नका. रद्द करा, डिस्क काढून बाजूला ठेवा आणि हे पत्रक पुढे वाचा.

ही सूचना बहुतेक वेळा कशी येते ते सांगतो. सर्व्हरवर डिस्क दिसेना, म्हणून घरातलं कोणीतरी ती काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावून बघतं. आम्ही सर्व्हरसोबत जी डिस्क देतो तिच्यावर ईएक्सटी४ ही लिनक्सची (सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिची) फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, असते आणि विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणजे रिकामी, असा विंडोजचा हिशेब. डिस्क ठणठणीत असते, बारशापासूनचे फोटो जागच्या जागी असतात, आणि तरी ते विचारतं, फॉरमॅट करू का? बिघाडाने गेलेल्या डिस्कपेक्षा या एका क्लिकने गेलेल्या डिस्क पाहून आम्हाला जास्त वाईट वाटतं.

डिस्क ‘दिसत नाही’ आणि डिस्क ‘गेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसत नाही, याचे चार अर्थ निघतात. तिला वीज पुरत नसेल. सर्व्हरला ती लागल्याचं कळलंच नसेल. कळलं असेल, पण माउंट होत नसेल. किंवा माउंट होऊनही आत लिहू देत नसेल. शोधायचं ते याच क्रमाने. उलट्या टोकाने सुरुवात केली की माणूस सेटिंग बदलत बसतो आणि शेवटी दोष निघतो केबलचा.

माउंट हा शब्द नवा असेल तर एवढंच लक्षात ठेवा. लिनक्समध्ये सी, डी, ई अशी ड्राइव्हची अक्षरं नसतात. डिस्क एखाद्या फोल्डरवर बसवावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. होडी बंदरात शिरली तरी धक्क्याला लागल्याशिवाय माल उतरत नाही, तसंच. आम्ही दिलेल्या सर्व्हरमध्ये हा धक्का म्हणजे ‘साठा’ नावाचा फोल्डर.

आज्ञा, म्हणजे सर्व्हरला टाइप करून द्यायच्या सूचना, इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करायची अक्षरं इंग्रजीच, आणि ती जशीच्या तशी सर्व्हरच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर आहेत. कागद निघाला असेल तर दुकानातून दुसरा घ्या, पैसे नाहीत.

आधी वीज

हाताच्या पंजात मावणारी अडीच इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. यूएसबी २च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असं प्रमाण आहे. पण आतली चकती फिरायला लागते त्या क्षणी तिची भूक एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. आमच्या छोट्या सर्व्हरमध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक आहे. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. म्हणजे एक डिस्क निभावते. दोन लावल्या की दोघी उपाशी. दुसरी डिस्क हवी असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतोच. तो सॉकेटमध्ये आहे आणि बटण चालू आहे, एवढं बघा. हसू नका, यासाठी आम्ही पावस गावाच्या पुढे जाऊन आलो आहोत.

सर्व्हरसोबत दिलेला अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. तो हरवला म्हणून मोबाइलचा चार्जर लावला, तर सर्व्हर चालू होतो, दिवाही लागतो, आणि डिस्क मात्र टक-टक करत लागते आणि सुटते. ‘सुडो डीमेसेज’ ही सर्व्हरच्या आतल्या नोंदी दाखवणारी आज्ञा दिल्यावर ‘अंडर-व्होल्टेज’ हा शब्द दिसला, की डिस्कला दोष देऊ नका. चांगल्या अडॅप्टरवरही टक-टक चालूच राहिली, तर मात्र ती डिस्कच्या आतली आहे. ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघण्याचा मोह टाळा.

आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीपासून लाइट येते-जाते, तिचं काय? घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तो पंख्याला कळत नाही, सर्व्हरला कळतो. तो तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो आणि डिस्कवर लिहिणं अर्धवट राहतं. खटका यूपीएसवर ठेवा. गावात व्होल्टेज फार पडत असेल तर यूपीएस मोडवर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल, हेही खरं. अशा घरी सर्व्हर आणि राउटरपुरता छोटा वेगळा यूपीएस बरा.

केबल आणि आपली हवा

अडीच इंची डिस्कच्या बाजूला जी रुंद, दोन भागांची पिन असते ती या कोकणपट्टीतली आमची मोठी दुखणाईत. अर्धवट बसली तरी डिस्क कधीकधी चालते, फक्त यूएसबी २च्या वेगाने, आणि फडताळाचं दार आपटलं की सुटते. शिवाय समुद्रावरून येणारा खारा वारा. वेळणेश्वर, गणपतीपुळे, जयगड अशा अगदी किनाऱ्यावरच्या घरांतून येणाऱ्या केबलींच्या टोकांवर हिरवट थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. एका घरी पिन सहज आत जावी म्हणून खोबरेल लावलेलं होतं. डिस्क वाचली, पोर्ट बदलावा लागला.

होमस्टेवाल्यांसाठी एक खास गोष्ट. एसीच्या खोलीतली गार डिस्क पावसाळ्यात एकदम पडवीत आणली, तर तिच्यावर दव धरतं. तासभर तशीच ठेवा, मग जोडा. सर्व्हर बंद डब्यात ठेवून सिलिका जेलच्या पुड्या टाकणाऱ्यांना आमचं सांगणं असं की त्याला वारा हवा. कोंडून गरम झालेला सर्व्हर आणि सादळलेली डिस्क, दोन्ही नकोत. माजघरातली भिंतीवरची उघडी फळी उत्तम. खिडकीपासून लांब आणि मुंग्यांच्या वाटेवर नको.

सर्व्हरला कळलं का?

‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते, आकारासकट. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसेल. फसवणूक झालेली नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. यादीत तुमच्या डिस्कच्या आकाराची ओळ आहे, म्हणजे वीज आणि केबल ठीक, पुढच्या भागाकडे चला. ओळच नाही, तर दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघा. केबल बदलताना फक्त चार्जिंगची घेऊ नका, तिच्यातून माहिती जात नाही.

ओळ येते आणि जाते, आणि ‘डीमेसेज’मध्ये ‘रीसेट’ हा शब्द पुन्हापुन्हा दिसतो, असं झालं तर वीज किंवा केबल. तेही बदलून झालं असेल तर डिस्कच्या पेटीतली चिप आणि सर्व्हर यांचं जमत नाही. त्यावर उपाय आहे, पण तो दुकानात करू द्या.

आणि पेटी फोडून आतली डिस्क बाहेर काढू नका. काही कंपन्यांच्या पेटीतली चिपच सगळा मजकूर कुलूपबंद करून लिहिते. ती पेटी गेली की डिस्क शाबूत असूनही वाचता येत नाही.

चाकरमानी आणि त्यांची डिस्क

गणपतीत आणि मे महिन्यात आमचा फोन सर्वांत जास्त वाजतो तो या कारणाने. मुंबईहून भाऊ येतो, सोबत सिनेमे आणि फोटोंनी भरलेली त्याची डिस्क. ती सर्व्हरला लावली की एकतर माउंट होत नाही, नाहीतर वाचता येते पण तिच्यावर काही उतरवता येत नाही.

ही डिस्क बहुधा एनटीएफएस असते, म्हणजे विंडोजची. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. तुम्ही शट डाउन केलंत तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जातं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. अशा वेळी डिस्क जोडलेलीच असेल, किंवा ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढली असेल, तर तिच्यावर ‘काम अपुरं आहे’ अशी खूण राहते. लिनक्स ती खूण बघतं आणि लिहायला नकार देतं. ते बरोबरच करतं. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम आपण विस्कटू नये.

उपाय भावाच्या लॅपटॉपवर. डिस्क तिथे लावा आणि शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्यावर विंडोज खरंच पूर्ण बंद होऊन उठतं. मग डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. शेवटी ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा. भाऊ लॅपटॉप घेऊन परत गेला आणि डिस्क इथेच राहिली, असं झालं तर ‘एनटीएफएसफिक्स’ ही लिनक्सची आज्ञा आहे. पण ती मोजक्या चुका सुधारून खूण पुसते. विंडोजसारखी पूर्ण तपासणी करत नाही. आम्ही ती शेवटचा उपाय म्हणून वापरतो, आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवून घेतो.

दोन्हीकडे चालेल अशी डिस्क हवी असेल तर एक्सफॅट घ्या. लिनक्सच्या गाभ्यात तिचा आधार २०१९पासून आहे. पण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे लाइट गेली तेव्हा काय लिहिणं चालू होतं याची वही ती ठेवत नाही. ईएक्सटी४ ठेवते. म्हणून ने-आण करायच्या डिस्कला एक्सफॅट, आणि सर्व्हरला कायम चिकटलेल्या डिस्कला ईएक्सटी४, असं आमचं मत. जुन्या फॅट३२ डिस्कवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही, तेव्हा लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबला तर तिथे बघा.

फोल्डर रिकामा दिसतो

जेलीफिन (सर्व्हरवरचे फोटो, गाणी, सिनेमे दाखवणारा प्रोग्राम) उघडलं, एकही फोटो नाही, एकही गाणं नाही. पोटात गोळा येतो, माहीत आहे. पण आठवा, ‘साठा’ हा फक्त धक्का आहे. होडी लागली नसेल तर धक्का रिकामाच दिसणार. ‘फाइंडएमएनटी’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता अशी आज्ञा द्या. उत्तरात काहीच आलं नाही, तर डिस्क माउंट नाही, एवढाच अर्थ.

खरा घोळ पुढे आहे. डिस्क माउंट नसताना मोबाइलमधले फोटो आपोआप सर्व्हरवर चढत राहिले, तर ते त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्या छोट्या मेमरी कार्डावर साठतात. कार्ड भरतं आणि सर्व्हर अडखळतो. मग तुम्ही डिस्क माउंट करता, जुने फोटो परत येतात आणि मधले आठ दिवस गायब! तेही गेलेले नाहीत. डिस्क त्यांच्यावर बसली आहे, इतकंच. जेलीफिनसारख्या सेवा बंद करा, ‘यूमाउंट’ करा, म्हणजे डिस्क फोल्डरवरून उतरवा, मग फोल्डर उघडा, तिथे ते सापडतील. आधी दुसरीकडे हलवा, मग डिस्क पुन्हा माउंट करा. ‘टार्गेट इज बिझी’ असं आलं तर कोणीतरी अजून सिनेमा बघतंय. टीव्ही बंद करायला सांगा.

हल्ली आम्ही हा रिकामा फोल्डर कुलूपबंद करूनच देतो, म्हणजे डिस्क नसताना त्यात काही लिहिलंच जात नाही. ज्यांनी सर्व्हर आधी घेतला आहे त्यांनी एकदा आणावा, दहा मिनिटांचं काम आहे.

रीस्टार्ट केल्यावर डिस्क नाहीशी

सुरू होताना कोणती डिस्क कुठे बसवायची हे ‘एफस्टॅब’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. एसडीए, एसडीबी ही सर्व्हरने डिस्कना दिलेली नावं जोडण्याच्या क्रमाप्रमाणे बदलू शकतात, म्हणून नोंद यूयूआयडी या कायमच्या क्रमांकाने करावी. फॉरमॅट केलं किंवा नवी डिस्क आणली की हा क्रमांक नवा होतो, जुनी नोंद निरुपयोगी. ‘एलएसबीएलके -एफ’ने नवा क्रमांक दिसतो.

त्या ओळीतला ‘नोफेल’ हा शब्द काढू नका. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर सर्व्हर दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. तुम्हाला लांबून फक्त एवढंच कळतं की तो उठत नाही. फाइल बदलल्यावर ‘सुडो माउंट -ए’ देऊन बघा. चूक असेल तर तिथेच कळेल. रीस्टार्ट त्यानंतर.

माउंट झालंय, पण ‘परमिशन डिनाइड’ येतंय? ईएक्सटी४ असेल तर फोल्डरची मालकी ‘चौन’ या आज्ञेने बदला. एक्सफॅट आणि एनटीएफएसला मालकी एफस्टॅबच्या ओळीतच द्यावी लागते, कागदावर नमुना आहे.

डिस्क पाण्यात गेली असेल तर

जुलै २०२१मध्ये चिपळूणला पूर आला, त्यानंतर हा भाग आम्ही पत्रकात ठेवलाच आहे. बुडालेल्या डिस्कला वीज लावू नका. तांदळात ठेवू नका, उन्हात वाळवू नका. आत गाळ वाळून चकतीला चिकटला की मग अवघड. ओलसर आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा. आम्ही ती उघडणार नाही. धूळविरहित खोली असलेल्या लॅबकडेच ती पाठवावी लागते, आणि तो खर्च सांगितल्याशिवाय पाठवत नाही.

एरवी दुकानात येताना डिस्क एकटी आणू नका. तिची केबल, तिचा अडॅप्टर आणि सर्व्हर, सगळं आणा. डिस्क आमच्या टेबलावर नीट चालते आणि तुमच्या घरी चालत नाही, असं झालं की दोष आणायच्या राहिलेल्या केबलीत असतो, आणि राजापूरहून पुन्हा खेप घालायची वेळ तुमच्यावर येते.