पोतीभरणी व बांधणी यंत्रे (विदर्भातील)

धान्य, डाळ, पीठ, मसाले, खत, सिमेंट असा सुटा माल ठरलेल्या वजनाने पोत्यात किंवा पाकिटात भरून त्याचे तोंड शिवणारी वा चिकटवणारी, तसेच कापसासारखा फुगीर माल दाबून आवळणारी यंत्रे. विदर्भाच्या ग्रामीण भागात ती मुख्यतः अकोल्याच्या आसपासच्या डाळ गिरण्या, गोंदिया-भंडाऱ्याच्या भात गिरण्या, कापूसपट्ट्यातले जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुई दाबण्याचे) कारखाने आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना-राजुरा भागातले सिमेंट कारखाने येथे दिसतात. हळद-मिरचीची पूड करणाऱ्या काही बचत गटांकडेही छोटी पाकीट यंत्रे आली आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र कामाला लागते ते माल शेतकऱ्याच्या हातून सुटल्यानंतर. बाजार समितीत येणारी तूर आजही घमेल्याने पोत्यात भरली जाते, आणि कापूस तर गाडीत मोकळाच येतो.

हाताने पोते भरायला निदान तीन माणसे लागतात. एक तोंड धरतो, दुसरा घमेले रिचवतो, तिसरा काट्याकडे बघतो. मग दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचे आणि दोन्ही कोपऱ्यांना कान काढायचे, म्हणजे हमालाला पकड मिळते. त्याही आधी वजनाऐवजी माप होते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात, धान कुडो-खंडीने मोजला जाई आणि मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. १९५६ च्या वजनमापे कायद्याने दशमान पद्धत आणली आणि पोते क्विंटलच्या हिशेबात बसले. शंभर किलोचे पोते हा मात्र पाठीचा प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आज ५० किलोचा कट्टा सर्वत्र रुळला आहे. सरकारी खरेदी केंद्रावर धान ४० किलोच्या पोत्यात भरतात, आणि हंगामात ओरड सुरू होते ती बहुधा धानाची नव्हे, बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची.

कापसाची गोष्ट मात्र बरीच जुनी. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचली आणि १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर नेण्यासाठी. कापूस हलका आणि फुगीर, तर आगबोटीवर भाडे जागेचे. त्यामुळे तो दाबून घट्ट गाठ बांधणारे प्रेस कापसाच्या पेठांमध्ये उभे राहिले. म्हणजे बांधणीचे यंत्र विदर्भाला नवे नाही. नवे आहे ते वजन करून भरणारे यंत्र. आजच्या प्रेसमध्ये शेजारी शेजारी दोन पेट्या असतात. एकीत रुई ठोकून भरली जात असताना दुसरीत तेलदाबाने गाठ आवळली जाते, मग पेट्या फिरून जागा बदलतात. रुई फार कोरडी असली तर दाबण्याआधी तिला थोडी ओल देतात, नाहीतर गाठ फुगून पट्ट्या तोडते. भारतीय गाठ १७० किलोची धरतात.

धान्य भरणाऱ्या यंत्राचा जीव ‘लोड सेल’मध्ये असतो. हा धातूचा लहानसा ठोकळा. त्यावर चिकटवलेली बारीक तार ठोकळा किंचित वाकताच ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल व्हीटस्टन सेतूने (रोधातला बारीक फरक टिपणाऱ्या विद्युत जोडणीने) मोजून आकड्यात आणतात. असा चिकटवायचा ताणमापक अमेरिकेत १९३८ च्या सुमारास सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधला. गिरणीत वरच्या टाकीतून माल खाली येतो आणि यंत्र तो दोन टप्प्यांत सोडते. आधी दार पूर्ण उघडून धबाधबा, मग वजन जवळ आले की दार जवळपास मिटून बारीक धार. शेवटी दार बंद होते तेव्हा थोडा माल अजून हवेत असतो, काट्यावर टेकलेला नसतो. म्हणून यंत्र ठरलेले वजन भरण्याच्या किंचित आधीच दार मिटते, आणि किती आधी मिटायचे हे मागच्या पोत्यांवरून सुधारत जाते. किराणा दुकानात साखर तोलताना वाणी शेवटची चिमूट हळूच सोडतो, तेच हे.

यात दोन जाती आहेत. एका जातीत माल आधी वेगळ्या भांड्यात तोलून मग पोत्यात सोडतात. दुसरीत पोते यंत्राच्या तोंडाला अडकवून पोत्यासकट तोलतात. दुसरे यंत्र स्वस्त, पण त्यात पोत्याचे वजन वजा करावे लागते आणि खरी गोम तिथेच आहे. ५० किलोच्या तागाच्या पोत्याचे प्रमाणित वजन ५८० ग्रॅम धरतात. पण ताग पावसाळ्यात ओल पितो आणि वैशाखात वाळतो, म्हणून जुलैतले पोते मे महिन्यातल्या पोत्याइतके राहत नाही. प्लॅस्टिकच्या विणलेल्या कट्ट्याला हा त्रास नाही. बाजार समितीत शेतकऱ्याच्या मालातून बारदान्यापोटी, कडत्यापोटी (वजनातल्या सुटीपोटी) काय कापावे यावर जे वाद होतात, त्यांचे मूळही याच काही ग्रॅमांत असते. गिरणीच्या मागच्या दाराने माल आत येताना हा वाद तोंडाने चालतो. पुढच्या दाराने बाहेर जाताना तो यंत्रात आकडा भरून मिटलेला असतो.

भरलेल्या कट्ट्याचे तोंड शिवायला हातात धरायचे किंवा खांबावर टांगलेले शिलाई यंत्र असते. त्याची शिलाई साखळी टाक्याची. घाई असली तरी कात्री लागत नाही. बरोबर टोक धरून दोरा ओढला की सगळी शिवण सरसर उसवते. चुकीचे टोक ओढले तर मात्र दोरा गच्च बसतो, आणि शेतात युरियाचे पोते उघडताना हा अनुभव बहुतेकांना येतोच. सिमेंटची रीत वेगळी. तिथले पोते वरून आधीच शिवलेले येते आणि त्याच्या कोपऱ्यात एक झडप असते. फिरत्या यंत्राच्या नळीवर पोते अडकवले की हवेच्या दाबाने सिमेंट आत जाते, आणि पोते नळीवरून सुटताच आतल्या सिमेंटच्याच भाराने झडप मिटते. आठ नळ्यांचे असे यंत्र तासाला दोन हजारांच्या आसपास पोती भरू शकते. एखादी डाळ गिरणी या वेगाच्या जवळ जाणार नाही, आणि तिला त्याची गरजही नाही.

किरकोळ पाकिटांचे यंत्र उभे असते. वर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्याचा रोल. तो कॉलरवरून वळून नळीभोवती गुंडाळला जातो, उभी कड गरम पट्टीने चिकटते, खाली गरम जबडा आडवा मिटतो. तोच जबडा एका पाकिटाचे तोंड बंद करतो, दुसऱ्याचा तळ तयार करतो आणि मधोमध कापतो. छपाई बरोबर जागी यावी म्हणून पट्ट्यावर एक काळी खूण असते आणि प्रकाशाचा डोळा ती वाचतो. या पद्धतीचे पेटंट वॉल्टर झ्वॉयर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत एका मिठाई कंपनीसाठी काम करताना घेतले. डाळ-तांदळाला त्यात मापाचा कप पुरतो. हळद-तिखटाला मात्र मळसूत्रासारखा फिरणारा ‘ऑगर’ लागतो, कारण पूड स्वतःहून वाहत नाही, कपात दबून बसते. वायगावची हळद असो की भिवापूरची मिरची, पुडीच्या भरणीत खरा शत्रू धुरळा. चिकटवायच्या कडेवर तो बसला की पाकीट वरून धड दिसते आणि दुकानात गळू लागते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि हा धुरळा आणखी ओढला जातो. वेड्यावाकड्या आकाराच्या मालासाठी अनेक छोट्या तोलभांड्यांमधून योग्य जोडी निवडणारे यंत्र जपानच्या इशिदा कंपनीने १९७२ मध्ये आणले. ते मुळात ढोबळ्या मिरचीसाठी बनले होते. विदर्भात ते क्वचितच दिसते.

पाकिटावर लिहिलेले वजन हा कायद्याचा विषय आहे. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण सगळ्या पाकिटांची सरासरी लिहिलेल्या वजनाखाली जाऊन चालत नाही. त्यामुळे काटा स्थिर नसेल तर गिरणीवाला भीतीपोटी प्रत्येक पाकिटात चार दाणे जास्त टाकतो, आणि वर्षाकाठी त्या दाण्यांची पोती होतात. यंत्राची किंमत बऱ्याचदा इथेच वसूल होते, मजुरीत नव्हे. कराचाही परिणाम झाला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतल्या धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि बाजारात लगोलग २६ आणि ३० किलोच्या पिशव्या आल्या. यंत्राला त्याचे काही वाटले नाही. पडद्यावर २५ च्या जागी २६ टाकले की झाले.

गावात यंत्र आणताना पहिला प्रश्न विजेचा. शेतीच्या फीडरला थ्री फेज आळीपाळीने आणि मोजके तास मिळते, तर गावठाणात पुष्कळदा सिंगल फेज. जबडा मिटवायला दाबाची हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आला. पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी साचते, ते रोज काढावे लागते. दाब कमी-जास्त झालेल्या विजेवर जबड्याचे तापमान डगमगते. आणखी एक चूक नेहमी होते. डाळ भरडणाऱ्या यंत्राच्याच लोखंडी चौकटीवर काटा बसवतात, मग भरडणी सुरू असताना आकडा नाचत राहतो. दोष काट्याचा नसतो, पायाचा असतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाल मिल विदर्भात अनेक गटांकडे आहे. तिच्या जोडीला पाकीट यंत्र घ्यावे असा मोह होतो, कारण सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेने प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, अनुदान देऊ केले. हिशेब मात्र आधी करावा. मिनिटाला ३० पाकिटे म्हणजे तासाला १,८००. अर्ध्या किलोची असतील तर ९०० किलो. छोट्या गिरणीची दिवसभराची डाळ ते यंत्र तासाभरात संपवते आणि मग झाकून पडते. अशा गटाला साधा काटा आणि पट्ट्यावर पाकीट पुढे सरकवत तोंड चिकटवणारे छोटे यंत्र पुरेसे होते.

हमालांच्या कामाला १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार आहे आणि हमाली सहसा नगावर ठरते. म्हणून पिशवी लहान झाली की दराची बोलणी नव्याने होतात. यंत्राने भरणी आणि शिलाई घेतली, काही ठिकाणी ट्रकपर्यंत पोती वाहून नेणारा पट्टाही गेला. पण ट्रकच्या आत थप्पी लावणे अजून माणसाकडेच आहे. तागाच्या पोत्यात रुतणारा लोखंडी आकडा मात्र तिथे चालत नाही, कारण प्लॅस्टिकचा कट्टा आकड्याने फाटतो.

रिकामा झालेला कट्टा गावात सहसा टाकला जात नाही. कारखान्यात यंत्राने भरून शिवलेले युरियाचे पोते (२०१८ पासून ते ५० ऐवजी ४५ किलोचे आहे) शेताच्या बांधावर दोरा ओढून उघडले जाते, धुऊन वाळवले जाते आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला कमरेला बांधले जाते. त्याचे पांढरे प्लॅस्टिकचे तंतू कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये ते डोळ्याला दिसत नाहीत, गाठीतही दिसत नाहीत. ते दिसतात कापड रंगवल्यावर, कारण कापसाचा रंग त्यांच्यावर चढत नाही. म्हणून सूतगिरण्या गाठीलाही सुती कापडाचेच आवरण मागतात आणि वेचणीला सुती झोळी वापरा असे सांगतात. झोळी विकत घ्यावी लागते. युरियाचे पोते घरात असतेच.